घाटावरच्या दुसऱ्या घंटेबाबत

नदी पोलीस ठाणे. जबाब देणार: घंटेकाका (घाटावर याच नावाने ओळख, हजेरीपटावरही हेच नाव). वय ४९ वर्षे. धंदा: माल उतरवण्याच्या तिसऱ्या घाटावर धुक्याची घंटा वाजवणे व दोरखंड सांभाळणे. राहणार: दोरवळ गल्ली, विहिरीमागची दुसरी खोली. शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, वाचता-लिहिता येते. जबाब सुरू केल्याची वेळ सकाळी आठ वाजून वीस मिनिटे.

मी आपण होऊन ठाण्यात आलो आहे. जमादारसाहेबांनी समोर बसवून विचारले, त्यावरून सांगतो की,

मी जबाब द्यायला आलो नव्हतो, होडी मागायला आलो होतो. नदीच्या मध्यावर गाळाचा एक उंचवटा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो. त्याला आम्ही पाठ म्हणतो. माझा जावई आत्ता त्या पाठीवर आहे आणि नावेचे शिंग फुंकतो आहे. साडेअकराला भरतीचे पाणी पाठीवरून जाते. धुके उठलेले नाही. घाटावरच्या सात होडीवाल्यांना मी विचारले. पाच जणांनी धुक्याचे कारण सांगितले. दोघांनी काहीच कारण सांगितले नाही, नुसते आत गेले आणि दार लावून घेतले.

जमादारसाहेब म्हणाले, "काका, अपघात असेल तर बंदर कचेरीची होडी जाते, ती दुपारी येईल. दरोडा असेल तर आमची जाते. दोन्हींतलं काय ते सांगा, त्याशिवाय मला होडीचं दावं सोडता येत नाही."

मी म्हणालो, "दरोडा."

ते म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

त्याचे उत्तर म्हणजे हा जबाब आहे. होईल तितके थोडक्यात सांगतो.

मी एकोणीस वर्षे या घंटेवर आहे. पाण्यावर धुके उतरले की तीन ठोके द्यायचे, वीस आकडे मोजायचे, पुन्हा तीन ठोके द्यायचे. नाववाला ठोक्यांच्या दिशेने नाव आणतो आणि मधून मधून शिंग फुंकून कळवतो की ऐकू येते आहे. प्रत्येक नावेची शिंगाची हाक ठरलेली असते. हाक नावेची असते, माणसाची नाही. सुकाणूवर कोणीही असो, हाक तीच. माझ्या जावयाच्या नावेची हाक एक लांब आणि दोन आखूड अशी आहे. जावई शेवटचा आखूड सूर जरा ओढतो. त्यावरून घाटावर त्याची थट्टा होते.

माझ्या आधी या घंटेवर जे म्हातारे होते त्यांनी मला दोन नियम शिकवले. पहिला, शिंगाचे उत्तर येत आहे तोवर घंटा थांबवायची नाही, मग हात गळून पडोत. दुसरा, दुसरी घंटा वाजत असेल तर आपली वाजवायची नाही. ते म्हणायचे, "दुसरीच्या मागे नाव कुठवर गेली ते तुला दिसत नाही. तू बोलावलंस की ती सरळ तुझ्याकडे निघेल. मध्ये काय आहे ते ना तुला ठाऊक, ना तिला. गप्प बसलास तर नाववाला नांगर टाकून बसेल. बसलेला माणूस मरत नाही." दुसरा नियम पाळायची वेळ आजवर आली नव्हती. आमच्या घाटावर ऐकू येईल अशी दुसरी घंटाच नाही.

नदीवर माल लुटणारी जी टोळी आहे तिला आम्ही चिखले म्हणतो, कारण ते ओहोटीच्या वेळी सपाट बुडाच्या होड्यांतून चिखलावरून येतात. मोठी नाव तिथे त्यांच्या मागे जाऊ शकत नाही. त्यांच्या म्होरक्याला पंतोजी म्हणतात. तो कधी शाळेत शिकवत होता की नाही हे मला माहीत नाही. तो हळू बोलतो आणि समोरच्याचे वाक्य चुकले तर दुरुस्त करतो.

अकरा दिवसांपूर्वी दुपारी तीनच्या सुमारास मी घंटेच्या चौथऱ्यावर दोरीला डांबर लावत होतो. पंतोजी एकटाच आला आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला.

तो म्हणाला, "काका, तब्येत काय म्हणते?"

मी म्हणालो, "देवाची कृपा आहे."

"त्याची आहेच. आमचीही थोडी असू द्या."

मग त्याने सांगितले ते असे, की येत्या पंधरवड्यात वखारवाल्यांची तांब्याची नाव यायची आहे. ज्या सकाळी धुके असेल आणि नाव असेल, त्या सकाळी त्याचा माणूस माझ्याजवळ येऊन उभा राहील. तो म्हणेल तेव्हा मी घंटा थांबवायची. घंटा ते वाजवतील, खालच्या अंगाला कातडी कमावण्याचा जो बंद पडलेला धक्का आहे तिथून. नाव चिखलात रुतेल, ते माल उतरवून घेतील, माणसे चिखल तुडवत घरी जातील. "पाय धुतले की झालं," असे तो म्हणाला.

मी म्हणालो, "माझ्याच्यानं हे करणं होणार नाही."

तो म्हणाला, "करायला कोण सांगतंय? न करायला सांगतोय. त्याला जोर लागत नाही."

मी डांबर लावत राहिलो. तो उठला आणि जाताना म्हणाला, "लेकीला आठवा लागला ना? तुमच्या विहिरीला सतरा पायऱ्या आहेत. वरून पाचवी हलते. गवंड्याकडून बसवून घ्या."

मी घरी जाऊन पाहिले. पाचवी पायरी हलत होती. एकोणीस वर्षे त्या विहिरीचे पाणी पितो, मला ते माहीत नव्हते.

ही गोष्ट मी तेव्हाच ठाण्यात का सांगितली नाही, असे विचारण्यात आले. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या दोर वळण्याच्या कारखान्याच्या, म्हणजे दोरवळीच्या, मालकांनी याच ठाण्यात याच टोळीविरुद्ध तक्रार दिली होती. तिसऱ्या दिवशी पंतोजी त्यांच्या दारात उभा राहिला आणि त्यांनी तक्रारीत लिहिलेली वाक्ये त्याने त्यांना म्हणून दाखवली. एक शब्द चुकला होता तो दुरुस्त करून दिला. चौथ्या दिवशी दोरवळ जळाली. हे लिहायचे का, असे जमादारसाहेबांनी विचारले. मी म्हणालो, लिहा. त्यांनी लिहिले.

माझा हात दगडाखाली होता. मी मनाची समजूत घातली की तांब्याची नाव आपली नव्हे, तिच्यावरच्या माणसांच्या पायाला फक्त चिखल लागणार आहे, आणि वखारवाल्यांचे तांबे गेले तर त्यांच्या घरी चूल विझणार नाही. समजूत दिवसभर टिकायची. पहाटे देवासमोर बसलो की टिकायची नाही. रोज जे म्हणतो ते शब्द आठवत नव्हते. अकरा दिवस मी नुसते हात जोडले आणि उठलो.

जावयाची नाव पाच दिवसांपूर्वी वरच्या बंदराला गेली. ती रिकाम्या पिंपांची फेरी होती आणि परतीची पाळी येत्या परवाची होती. नावेवर दोघेच, जावई आणि बोका. बोका हा म्हातारा खलाशी आहे. तीन वेळा नाव फुटूनही तो वाचला म्हणून त्याला बोका म्हणतात, कुठूनही टाका, पायावरच पडतो. निघताना जावई मला म्हणाला, "मामा, मी येईपर्यंत पाळण्याच्या दोऱ्या वळून ठेवा. गाठ तुमच्या हातची पाहिजे."

बोका म्हणाला, "याला सुकाणू नीट धरता येत नाही आणि हा बाळ धरणार."

जावई म्हणाला, "सुकाणू रडत नाही ना, म्हणून लक्ष जात नाही."

दोऱ्या मी वळून ठेवल्या आहेत.

आज पहाटे साडेपाचला धुके उतरले. मी घंटा सुरू केली. सहाच्या सुमारास कातडी टोपी घातलेला एक माणूस चौथऱ्यावर आला. वय तीसच्या आसपास, उजव्या कानाची पाळी तुटलेली. नाव माहीत नाही. पुन्हा पाहिल्यास ओळखीन. त्याने मला तंबाखू देऊ केली. मी घेतली नाही. पावणेसातला खालून कोणीतरी शीळ घातली. तो म्हणाला, "काका, हात खाली."

मी हात खाली केला.

लगेच खालच्या धक्क्यावरून दुसरी घंटा सुरू झाली. तीन ठोके, वीस आकडे, तीन ठोके. मोजणी बरोबर होती. आवाज पातळ होता. ती शाळेची घंटा असावी. आमच्या गावच्या शाळेत अशीच होती.

थोड्या वेळाने शिंग ऐकू आले. एक लांब, दोन आखूड, शेवटचा ओढलेला. असे तीन वेळा. तीन वेळा हाक म्हणजे विचारणा असते. नाववाला विचारतो की घंटा तूच ना.

मी त्या माणसाला म्हणालो, "ही तांब्याची नाव नाही. हा माझा जावई आहे."

तो म्हणाला, "तांबं त्याच्याच नावेत आहे. वरच्या बंदरात पाळी बदलली. त्यानेच मागून घेतली म्हणे, घरी लवकर यायचं म्हणून."

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल. तुम्हाला सांगून काय करायचं होतं? चिखलच तर लागणार आहे."

मी बसून राहिलो. शिंग पुन्हा वाजले, पुन्हा तीन वेळा. जावई मला विचारत होता आणि मी तिथेच, दोरीपासून हातभर अंतरावर बसलो होतो. मला एवढेच दिसत होते की सपाट होड्यांतून लोखंडी आकडे घेतलेली माणसे चढतील आणि जावई तापट आहे, तो माल सहज सोडणार नाही. मी उठलो आणि दोरी ओढली. दुसरा नियम मी विसरलो होतो असे नाही. तो आठवत असताना मी घंटा वाजवली. तीन ठोके दिले, वीस मोजले, पुन्हा तीन दिले. रोज दोरीला हात लावण्याआधी मी देवाचे नाव घेतो. आज घेतले नाही. पहाटे घंटा सुरू करताना, ती पुढे थांबवायची आहे हे माहीत असल्याने ते घेता आले नाही आणि आता वेळ नव्हता.

टोपीवाल्याने माझे मनगट धरले. तेवढ्यात शिंगाचे उत्तर आले, एकदाच. एकदाच म्हणजे समजले, येतो. मी हात सोडवून घेतला आणि वाजवत राहिलो.

सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, घाटाच्या खालच्या बाजूला, कातडीच्या धक्क्याच्या अलीकडे, जुन्या पडक्या पुलाचे जे खांब पाण्यात उभे आहेत, त्या दिशेने लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग ओरडणे ऐकू आले. किती जणांचे ते सांगता येत नाही. दुसरी घंटा बंद झाली.

टोपीवाल्याने टोपी काढली. तो म्हणाला, "अहो, आम्ही लुटणार होतो फक्त. मारलंत तुम्ही." आणि पायऱ्या उतरून पळाला.

त्यानंतर मी घंटा चालू ठेवली. साडेसातला पाठीच्या बाजूने शिंग आले. एक लांब, दोन आखूड. शेवटचा सूर ओढलेला नव्हता. थंडीने दम पुरत नसेल असे मला वाटले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक तीन ठोक्यांना उत्तर येत होते.

शिंग ऐकून माझी मुलगी घाटावर आली. तिच्या पायात काही नव्हते. ती म्हणाली, "बाबा, हे आले ना? हाक यांचीच आहे."

मी म्हणालो, "आले. पाठीवर अडकलेत."

तिने माझ्या हातातून दोरी घेतली. म्हणाली, "तुम्ही होडी बघा. मी वाजवते. मला मोजता येतं."

बाकीचे मी तिला सांगितलेले नाही. हा कागद तिला वाचून दाखवू नये, एवढी माझी विनंती आहे. मला स्वतःचा बचाव करायचा नाही. पंतोजीची माणसे या वेळी कातडीच्या धक्क्यावर नसतील, पण घंटा जड असते, ती तिथेच सापडेल.

हे सांगत असताना मला माझी घंटा ऐकू येते आहे. जमादारसाहेबांनाही येत असेल. तीन ठोके, वीस आकडे. तिचे वीस माझ्या विसापेक्षा लवकर संपतात. घंटा चालू आहे याचा अर्थ शिंग चालू आहे. तिला आठवा महिना आहे आणि घंटेची दोरी माझ्यासारख्यालाही तासाभराने जड होते. म्हणून आता जास्त सांगत नाही. पुढचे परत आल्यावर विचारावे.

वरील मजकूर लिहून झाल्यावर मला वाचून दाखवला. मी स्वतःही वाचला. सांगितले तसाच उतरला आहे. खाली सही केली. वेळ नऊ वाजून पाच मिनिटे.

पुरवणी जबाब, त्याच ठिकाणी, त्याच दिवशी. वेळ अकरा वाजून दहा मिनिटे. नाव, वय, धंदा, पत्ता वरीलप्रमाणे.

मी पुन्हा समोर बसून सांगतो की, पहिल्या जबाबानंतर जमादारसाहेबांनी लगेच होडी सोडली. धुक्यात शिंगाची दिशा माझ्या कानाला कळते म्हणून मला सोबत घेतले. माझा डावा हात होडीच्या कड्याला बांधला होता. त्याबद्दल तक्रार नाही. मी सांगत होतो तशी वल्ही मारली गेली.

आम्ही दहाच्या आत पाठीवर पोहोचलो. तिथे एकच माणूस होता. तो पाठीच्या उतारावर एका पिंपाला टेकून बसला होता आणि त्याच्या कमरेइतके पाणी आले होते. शिंग त्याच्या तोंडाला लावलेले होते. तो बोका होता.

मी विचारले, "तो कुठे आहे?"

बोका म्हणाला, "काका, मला आधी वर घ्या."

त्याला वर घेऊन घोंगडी दिली. त्यानंतर त्याने जे सांगितले ते जमादारसाहेबांच्या समक्ष सांगितले. ते मी विचारले नव्हते. तो म्हणाला, "आम्ही तर धुक्यात घाट ओलांडून खांबांच्या खाली आलो होतो आणि नांगर टाकून बसलो होतो. ती पातळ घंटा ऐकली तेव्हाच तो म्हणाला, ही मामांची नव्हे. दोनदा विचारणा केली, उत्तर नाही. म्हणाला, बोक्या, गप्प बसू. धुकं उठल्यावर दुपारी जाऊ, बाळाला काही घाई नाही. मग तुमची घंटा आली. म्हणाला, ही बघ, ही मामांची. आता डोळे मिटून जातो. नांगर मीच उचलला."

नाव खांबावर आपटली तेव्हा नांगराच्या दोराचा पेच बोक्याच्या पायाला बसला होता. जावयाने तो सुरीने कापला, बोक्याला पिंपावर ढकलले आणि शिंग त्याच्या गळ्यात अडकवले. तो म्हणाला, "तू फुंकत राहा. मामा घंटा थांबवणार नाहीत." मग नाव उलटली. त्यानंतर बोक्याने त्याला पाहिलेले नाही. पिंप वाहत जाऊन पाठीला लागले.

मी बोक्याला विचारले की तू एकटा आहेस हे कळवायचे सोडून हाक कशी देत राहिलास. तो म्हणाला, "शिंगाला एकच हाक येते, काका. मी थांबणारही होतो, छातीत काही उरलं नव्हतं. पण घंटा येत होती. कोणीतरी तिकडे वाजवतंय म्हटल्यावर थांबायचं कसं?"

आम्ही खांबांपर्यंत जाऊन आलो. नावेचा तळ दिसला. तांबे तिच्याखाली असेल. हाका मारल्या. भरती वाढल्यामुळे आणखी थांबता आले नाही. परतताना धुके तेवढेच होते. आमची होडी माझ्या मुलीच्या घंटेवरच धक्क्याला आली.

शिंग बंद होऊन आता तास झाला. उत्तर आले नाही की घंटा थांबवायची असते, हे तिला ठाऊक आहे. तिने थांबवलेली नाही. जमादारसाहेबांनी एक शिपाई पाठवला होता. तो परत येऊन म्हणाला, "बाई दोरी सोडत नाहीत. म्हणतात, बाबांनी सांगितल्याशिवाय सोडणार नाही."

मला सोडून द्यावे असे मी म्हणत नाही. सोबत शिपाई द्यावा, हात बांधलेला असला तरी चालेल, पण मला घंटेपर्यंत जाऊ द्यावे. तिच्या हातातली दोरी मी घ्यायची आहे. हा कागद तिला वाचून दाखवू नये अशी विनंती मी सकाळी केली होती. ती मागे घेतो. कागद माझ्याजवळ द्यावा. मीच वाचून दाखवीन.

पुरवणी जबाब मला वाचून दाखवण्यात आला. सांगितले त्यात आणि लिहिले त्यात फरक नाही. सही केली आहे. वाचून होईपर्यंत घंटेचे तीन ठोके नऊ वेळा झाले.